समोरच्यानं सांगायचं

सोमवार, ५ ऑक्टोबर १९८७

डिव्हेन मास्तरांना रिटायर झाल्यापासून उद्योग नाही. आता म्हणे मेन स्ट्रीटवरच्या दुकानांचा इतिहास लिहून चर्चच्या हॉलमध्ये लावणार! आणि प्रत्येक दुकानाबद्दल सांगायचं कोणी — तर समोरच्या दुकानदारानं. "स्वतःबद्दल सगळेच थापा मारतात, ब्रायडी."

म्हणजे माझ्या, हॅनरटींच्या, लोकरीच्या दुकानाबद्दल सांगणार हार्डवेअरवाला क्युसॅक. झालं! कल्याण!

मंगळवार, ६

डोळ्याला डोळा नाही. तो तेच सांगणार. सेहेचाळीस साली त्याच्या आईची शवगाडी या रस्त्यानं गेली, रिवाजाप्रमाणे सगळ्या दुकानांनी पडदे ओढले — आमचा तेवढा वर! बाबा म्हणायचे, गिऱ्हाईक होतं, ध्यानात राहिलं नाही. कोण विश्वास ठेवणार? मीसुद्धा ठेवला नाही. तेव्हापासून दोन्ही दुकानांत बोलणं बंद. तो माझ्याकडून मोजे घेत नाही, मी त्याच्याकडून साधा खिळा घेत नाही.

आता बाबांची अब्रू भिंतीवर टांगणार. गावभर वाचतील.

गुरुवार, ८

मास्तर त्याच्याकडे बराच वेळ होते. काचेतून पाहिलं — हसत होते दोघं! मग क्युसॅकनं माझ्या दुकानाकडे बोट दाखवलं.

शुक्रवार, ९

मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. मास्तरांना बोलावलं, चहा-केक दिला, आणि सांगितलं — क्युसॅकचा बाप खिळे जोखताना काटा मारायचा. घ्या लिहून! मी स्वतः पाहिलेलं नाही. आई म्हणायची.

मास्तरांचं पेन थांबलं. नक्की हेच लावू का, म्हणाले. हेच लावा, म्हटलं.

मंगळवार, १३

क्युसॅकनं लिहून दिलेला कागद परत मागवलाय. मास्तरच सांगून गेले. विष थोडं कमी पडलं असेल! दिवसभर गल्ल्यावर बसून लिहितोय, खोडतोय, मध्येच माझ्या खिडकीकडे बघतोय. मीही हटले नाही. बघत राहिले.

शनिवार, १७

हॉलमध्ये गेले. आमच्या दुकानाच्या फोटोखाली त्याचं अक्षर —

"माझी आई गेली त्या दिवशी या रस्त्यावर सगळ्यात आधी पडदा ओढला तो हॅनरटींनी. मी शवगाडीच्या मागेच चालत होतो."

साफ खोटं! म्हातारेकोतारे सगळे जाणतात. तरी वाचून माना डोलावत होते.

शेजारीच त्याच्या दुकानाचा फोटो. खाली माझं ते काटा मारण्याचं, माझ्या नावानिशी. लोक वाचत होते आणि माझ्याकडे न बघता पुढे सरकत होते. क्युसॅक आलाच नव्हता.

हाही त्याचा डावच असणार. मला गावात खाली बघायला लावायचा. दुसरं काय?

रविवार, १८

प्रार्थनेनंतर मास्तरांना गाठलं. त्याचा आधीचा कागद कुठाय?

"फाडला त्यानं. तुझा दाखवला होता मी त्याला, ब्रायडी. त्यानं तो वाचला, आणि मग हा लिहिला."

आधीच्यात काय होतं?

"पडद्याचं जे खरं होतं, ते."

सोमवार, १९

समोरचं दुकान कधीच उघडलं. माझा पडदा अजून खालीच आहे.