सिग्नलला थांबलेलं विमान

ती. ताईच्या पायांशी धाकट्याचा नमस्कार.

तू, भावजी आणि छोटी खुशाल असाल असं धरून चालतो, कारण विचारायला तोंड नाही. भावजींची पाठ अजून धरते का? (मी निघालो तेव्हा धरत होती. मधल्या काळात माझ्याशिवाय बरी झाली असेल.) छोटी तेव्हा पाळण्यात होती, आता बोलायला लागली असेल. इथून तुझं घर फार लांब पडतं, नाहीतर केव्हाच येऊन गेलो असतो.

सध्या मी एका लहानशा विमानतळावर आहे. दचकू नकोस, विमान उडवत नाही, पुसतो. आमच्या कप्तानांचं दोन माणसांचं म्हातारं विमान आहे. त्यातून ते शेतांवर औषध फवारतात. चाकांना हवा, काचेला फडकं आणि कप्तानांच्या गोष्टींना हुंकार, हे माझं खातं. (हुंकार देणं वाटतं तितकं सोपं नाही. मधेच डुलकी लागली तर गोष्ट पहिल्यापासून सुरू होते.) हां, तर मुद्द्याचं सांगतो. नवा नियम असा आलाय की आमच्या भागात उडायचं तर विमानात एक डबी हवीच. 'मी इथे आहे, इतका उंच आहे, अमुक दिशेने चाललोय' असं ती दर सेकंदाला साऱ्या जगाला सांगत बसते. टॉवरमधल्या साहेबांना पडद्यावर ठिपका दिसतो, आसपासच्या विमानांनाही दिसतो, म्हणजे कुणी कुणाच्या अंगावर येत नाही. कप्तानांना हे मुळीच रुचलं नव्हतं. "अरे, कुठे चाललोय ते मी बायकोला कधी सांगितलं नाही!" पण उडणं सोडवेना, म्हणून तोंड वाकडं करून डबी घेतली. हातात मावेल एवढी, काचेला चिकटवायची, आत बॅटरी.

मागच्या आठवड्यात तिची चार्जिंगची पिन ढिली झाली. कप्तानांनी मला सायकलवरून दुरुस्तीवाल्याकडे पिटाळलं. "सरळ जा, सरळ ये, आणि येताना बंद करून आण." दुरुस्तीवाल्याने पिन बसवली, चालू करून दाखवली आणि माझ्या हातात दिली. मी ती तशीच पिशवीत टाकली. (समोर एक बाई एवढ्याशा गाडीत कपाट कोंबत होती. ते जातं का, हे बघितल्याशिवाय मला कसं निघवणार? नाही गेलं.)

इकडे टॉवरच्या पडद्यावर कप्तानांचं विमान रस्त्याच्या उंचीवरून भरवस्तीत शिरलं. लाल दिव्याला थांबलं. हिरव्याला निघालं. कारंज्याभोवती फेऱ्या मारल्या (कारंज्यात कुणाची तरी छत्री पडली होती), मग न्हाव्याच्या दुकानात गेलं ते बाहेर येईना. साहेब वायरलेसवर "उंची वाढवा, उंची वाढवा" म्हणून ओरडतायत, आणि कप्तान शेडमध्ये पंखाखाली तोंडावर पेपर घेऊन घोरतायत. हसलीस ना? मीही हसलो. पण त्या ठिपक्यापायी उतरायला आलेलं एक विमान वरच घिरट्या घालत ठेवलं होतं, आणि आत माणसं होती, हे कळलं तेव्हा हसू गेलं ते गेलंच.

दुसऱ्या दिवशी तपासणीसबाई आल्या, सगळा रस्ता नकाशावर छापून. मी तोंड उघडायच्या आत कप्तानांनी मला मागे सारलं. "डबी माझ्याकडे होती. मीच हिंडत होतो." बाई म्हणाल्या, वैमानिकाने स्वतः हे केलं असेल तर परवाना जाईल. मदतनिसाची चूक असेल तर कप्तानांना समज देऊन सोडता येईल, मदतनिसाला मात्र विमानतळ बंद. मी पुढे घुसलो. "मी होतो, मी!" बाईंनी नकाशावर बोट ठेवलं. "मग या फाटकासमोर एवढा वेळ का उभा होतास? कोण राहतं इथे?" ताई, मी नकाशावरची नजर काढून म्हटलं, "कुणी नाही. उगीच." बाई कप्तानांकडे वळल्या. "याला तुम्हीच पढवलंय."

आता विमान कापडाखाली आहे. कप्तान रोज येतात, कापडावरूनच पंखावर हात फिरवतात. माझ्यावर रागवत नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. गोष्टीही सांगत नाहीत. मी हुंकार तयार ठेवून नुसता बसतो.

भावजींना नमस्कार, छोटीला पापा.

तुझा,
धाकटा

ता. क. वर 'फार लांब' लिहिलंय ते खोडायचं राहिलं. तुझ्या गच्चीवरून आमचा टॉवर दिसतो.

आणखी ता. क. ते फाटक तुझंच. निळा रंग नवा दिलायस, छान दिसतो. बेलवर बोट ठेवलं होतं, दाबवलं नाही. न सांगता गेलेल्याने 'सहज आलो' कसं म्हणायचं, ते जुळवत होतो. आत दूध उतू गेलं म्हणून तू कुणाला तरी झापत होतीस, अगदी मला झापायचीस तशी. ऐकत राहिलो.

शेवटचं ता. क. तेवढ्यात छोटी फाटकाशी आली. "काका, कोण पाहिजे?" म्हटलं, कुणी नाही, पत्ता चुकला. "मग तुमच्या पिशवीत काय लुकलुकतंय?" म्हटलं, काही नाही. (तेव्हाच वाकून बघितलं असतं तर!) बाई सोमवारी निकाल देणार आहेत. दुरुस्तीवाला फार तर डबी माझ्या हातात दिली एवढंच सांगेल; फाटकाशी ती माझ्या पिशवीत लुकलुकताना पाहिलेली छोटी एकटीच. तिला घेऊन येशील का? कप्तान उडतील. माझं पुढे काय ते बघू. फक्त येताना वाटेत तिला समजावून ठेव, काका नाही, मामा.