स्वल्पविरामाचे शेपूट

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. मी इथे खुशाल आहे. तुमचा गुडघा, तुमचा चष्मा आणि काकाशी धरलेला अबोला ही तिन्ही जशीच्या तशी असतील असे धरून लिहिते. (थोरांना पत्रात ‘तुम्ही’ लिहायचे हे तुम्हीच शिकवलेत, म्हणून ‘तुम्ही’. मनात म्हणाल तर अजून ‘तू’च आहे. ही कबुली आधीच देऊन ठेवते, म्हणजे पुढे मन खात नाही.)

तुमचे पत्र परवा मिळाले. आमच्या आश्रमाच्या मासिकातला ‘पंचबोध’ वाचून तुम्ही समोरची खोली काकाला त्याच्या दुकानातल्या गाद्या ठेवायला देऊन टाकणार आहात, आणि रविवारी तसे त्याला सांगणार आहात, हे वाचले. घरच्या मोठ्यांच्या मध्ये भाचीने तोंड घालू नये. मी घालत नाही. पाचवीपर्यंत मी दुसरी शाळा पाहिली नाही, त्याच खोलीत खिडकीखाली बसून अक्षरे गिरवली, हाही मुद्दा मी काढत नाही. मी फक्त ‘पंचबोध’ कसा झाला तेवढे सांगते. आधी मात्र एक विनंती आहे: पत्र रविवारच्या आत शेवटपर्यंत वाचावे.

माझे इथले काम तुम्हाला ठाऊक आहे असे मी समजत होते, पण तुम्ही सगळ्यांना ‘ती ध्यान करते’ असे सांगता असे आईने कळवले. मी ध्यान करत नाही, मला त्याला वेळच होत नाही. इथे ध्यानमंदिर आहे, अतिथीगृह आहे, दवाखाना, वाचनालय, लॉन्ड्री, चपलांचा स्टँड आणि चौकशीच्या तीन खिडक्या आहेत (चौकशी एकीतच होते, बाकीच्या दोन त्या खिडकीकडे पाठवतात). मी चिठ्ठ्यांच्या खोलीत असते. महाराज दरवर्षी चाळीस दिवस मौनात जातात. वरच्या मजल्यावर दार लावून बसतात आणि जेवणसुद्धा दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर जाते. काही हवे असले तर त्याच टोपलीतून चिठ्ठी खाली येते. मौनात शब्द वाढवायचे नाहीत म्हणून एका चिठ्ठीत जास्तीत जास्त तीन शब्द, असा त्यांचा नियम आहे. ती चिठ्ठी मी स्वच्छ अक्षरात उतरवायची, एक प्रत संबंधित खात्याला द्यायची आणि एक फळ्यावर लावायची. ‘गादी कडक आहे’ अतिथीगृहाला. ‘कोण खोकते’ दवाखान्याला. (‘कोण खोकते’वर वाचनालयात तीन दिवस चर्चासत्र झाले. खोकणारा माळी होता.)

सतराव्या दिवशी दुपारी, जेवण वर गेल्यावर थोड्या वेळाने चिठ्ठी आली. तीत दोन शब्द होते: पाणी आणि सोडा. महाराजांचे पेन गळते, त्यामुळे चिठ्ठीवर शाईचे तीन ठिपके होते. त्यांतला एक ‘पाणी’च्या पुढे, जरा खाली होता. मी त्याच्याकडे पाहिले, आत्या. चांगले मिनिटभर पाहिले. पण कर्म आणि क्रियापद यांच्या मध्ये स्वल्पविराम देणाऱ्याचा कान धरावा, असे तुम्ही मला सातव्या वर्षी सांगितले होते आणि धरलाही होता. म्हणून मी तिन्ही ठिपके गाळले आणि स्वच्छ लिहिले: ‘पाणी सोडा.’

आता ही प्रत कोणत्या खात्याला द्यायची? मी प्लंबरला दिली. त्याला मी विचारलेसुद्धा, की कुठे सोडायचे ते लिहिलेले नाही, तर थांबायचे का. तो म्हणाला, “ताई, सोडा म्हणजे सोडा. तुम्ही लोक अर्थ शोधत बसता नि तिकडे वॉशर झिजतात.” असे म्हणून त्याने गच्चीवरच्या मोठ्या टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह उघडला. पाणी उताराने जाते, हे मला पुस्तकातून माहीत होते. आमचा उतार अतिथीगृहात संपतो हे त्या दिवशी कळले. तळमजल्यावरच्या अकरा गाद्या भिजल्या, आणि एका निवृत्त न्यायाधीशांची पादत्राणे त्यांच्या आधी ध्यानमंदिरात पोचली.

व्यवस्थापक धावत आले. (सगळे त्यांना ‘हो-हो’ म्हणतात, कारण ते कशालाच नाही म्हणत नाहीत आणि काहीच करत नाहीत.) मला वाटले, आता माझी धडगत नाही. पण त्यांनी फळ्यावरची चिठ्ठी वाचली, डोळे मिटले आणि गुडघाभर पाण्यात उभे राहून म्हणाले, “अगं, हे नळाचं पाणी नव्हेच! हक्कावर पाणी सोडा, असं म्हणताहेत महाराज. त्याग करा!” प्लंबर व्हॉल्व्ह बंद करायला गेला. त्याला कोणी काही बोलले नाही, कारण तोवर सगळे त्यागाला लागले होते.

न्यायाधीशांनी खिडकीच्या खोलीवर पाणी सोडले. ध्यानमंदिरातल्या पुढच्या जागेवरून नऊ वर्षे भांडणाऱ्या दोघी बहिणींनी त्या जागेवर पाणी सोडले. आता ती रिकामी असते आणि आधी कोणी सोडली यावर त्या भांडतात. लॉन्ड्रीवाल्याने पाटी लावली: ‘हरवलेल्या कपड्यांवर पाणी सोडावे.’ स्वयंपाक्याने मीठ सोडले. स्वतःचे नव्हे, आमचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिठ्ठी आली: ‘अजून आले नाही.’ हो-होंनी सभा घेऊन सांगितले, की खरे वैराग्य अजून आपल्यात आले नाही, महाराजांना वरून दिसते आहे. लोकांनी आणखी काय काय सोडले. तिसऱ्या दिवशी: ‘किती वेळ?’ यावर बरेच जण रडले. चौथ्या दिवशी: ‘जळते आहे.’ ही प्रत मी नियमाप्रमाणे आगीच्या बंबाचे काम पाहणाऱ्याला दिली, आणि तो शिडी लावून खिडकीपर्यंत गेलाही, पण महाराजांनी छातीवर हात ठेवून त्याच्याकडे असे पाहिले म्हणे, की तो हात जोडून खाली आला. ज्ञानाचा अग्नी, असे ठरले. पाचव्या दिवशी: ‘राहू दे.’ हा कळस. मासिकाचा अंक अडवून ठेवून पाची चिठ्ठ्या ‘पंचबोध’ म्हणून छापल्या. तोच अंक तुमच्याकडे आला.

आठव्या दिवशी भांडीवाल्या मावशी लेकीकडून परत आल्या. त्यांनी हात पुसत पुसत फळा वाचला आणि मला विचारले, “काय गं, त्यांना सोडा कोण देत होतं मी नसताना?” मी म्हटले, कसला सोडा? “खायचा सोडा! जेवण झालं की पेलाभर पाणी नि चिमूटभर सोडा. वीस वर्षं मीच टोपलीत ठेवते. नाहीतर जळजळतं ना त्यांना छातीत.”

मी मूळ चिठ्ठी काढली आणि वाचनालयातले भिंग आणले. आत्या, ठिपक्याला शेपूट नसते. त्याला होते. बारीक, डावीकडे वळलेले, अगदी तुम्ही फळ्यावर काढून दाखवायचात तसे.

हो-होंना सांगितले, तर ते प्रथमच ‘नाही’ म्हणाले. मौन सुटण्याच्या दिवशी उघडायची शिळा तयार होती. तिच्यावर ‘पाणी सोडा’ कोरून झाले होते. “तुझं खरं असेल गं पोरी,” ते म्हणाले, “पण दगड परत घेत नाहीत.” शिवाय माझी खोली, माझे टेबल आणि वर्षअखेरीला कायम होणारी जागा यांची त्यांनी चौकशी केली, अगदी प्रेमाने.

मी पुढचे सोळा दिवस नीट जेवले नाही (तसेही मीठ नव्हते). गप्प बसले तर काय बिघडते, असाही विचार केला. न्यायाधीश हसायला लागले होते. बहिणी निदान उभ्याने भांडत होत्या. पण दगडावर खोटे राहणार, आणि ते माझ्या अक्षरावरून कोरलेले. तुम्ही म्हणायचात, चूक करणाऱ्याला मी रागावत नाही, खोडून वर बोट ठेवणाऱ्याला रागावते. मी ठिपक्यावर बोट ठेवून बसले होते.

चाळिसाव्या दिवशी सगळे जमले. महाराज खाली आले. हो-हो पडद्याची दोरी ओढणार, एवढ्यात मी हात वर केला, समोरच्या खोलीत बाहेर जायचे असले की करायची तसा, आणि म्हणाले, “महाराज, तो स्वल्पविराम होता.”

कोणाला काही कळले नाही. महाराजांना कळले. चाळीस दिवसांत पहिल्यांदा त्यांनी घसा साफ केला. हो-होंनी वही उघडली. महाराज म्हणाले, “मग सोडा कुठंय?”

हो-होंनी ते लिहून घेतले. (त्यावर ते अजून विचार करत आहेत.)

मावशींनी पेला आणला. महाराज प्यायले, बसले, आणि एवढा मोठा ढेकर दिला, की मागच्या रांगेतल्यांनी नमस्कार केला. मग त्यांनी पाथरवटाला बोलावून शिळेवर स्वल्पविराम कोरून घेतला, शेपटासकट, आणि ती पिण्याच्या पाण्याच्या नळावर बसवायला सांगितली. संध्याकाळपर्यंत न्यायाधीश खिडकीच्या खोलीत परत गेले आणि बहिणी एकाच आसनावर अर्ध्या अर्ध्या बसल्या. मीठ आले. लॉन्ड्रीची पाटी तेवढी राहिली. माझी बदली चपलांच्या स्टँडवर झाली आहे. डावी आणि उजवी एवढेच पाहायचे असते आणि मध्ये कोणतेही चिन्ह द्यावे लागत नाही. सत्य सांगितल्यावर हलके वाटते म्हणतात, ते मला अजून वाटलेले नाही. वाटले की कळवीन.

गुडघ्याला जपावे, आणि माझ्या शुद्धलेखनावर लोभ असावा.

तुमची,
खिडकीखालची विद्यार्थिनी

ता. क. मी काही सुचवत नाही. पण जी खोली तुम्ही महाराजांच्या उपदेशावरून सोडता आहात, ती खरे तर एका माणसाच्या छातीतल्या जळजळीवरून सोडता आहात. म्हणून, देऊ नका. सुचवतेच आहे. खोली देऊ नका.

ता. क. २. काकाला गाद्या हव्याच असतील तर आमच्याकडे अकरा आहेत. वाळल्या आहेत, बऱ्याचशा.

ता. क. ३. पाकीट बंद करायच्या आधी तुमचे पत्र पुन्हा वाचले. त्यात असे आहे: ‘समोरची खोली धाकट्याला द्यायची नाही ठेवायची.’ मी परवा ते ‘द्यायची, नाही ठेवायची’ असे वाचले होते. आता ‘द्यायची नाही, ठेवायची’ असेही वाचता येते आहे. भिंगाखाली धरून पाहिले. ठिपकासुद्धा नाही. आत्या, तू स्वल्पविराम दिलेला नाहीस. तू! तसे असेल तर वरचे सगळे पत्र वाचले नाही असे समज आणि काकाला दाखवू नकोस. उत्तर लांबलचक नको, एक स्वल्पविराम पाठव. फक्त तो कुठे द्यायचा ते लिही.