चादरीचं दुसरं टोक

प्रिय आई,

लांबूनच तुझ्या पायांना हात लावते.

मी मजेत आहे. हॉटेलच्या चादरींना इस्त्री करते, त्यामुळे थंडीतही उबेत असते. फक्त दिवसा फोन करू नकोस. आपली भाषा कानावर पडली की बसमधले लोक वळून बघतात, कुणी "परत जा" म्हणतं, कुणी पोलिसांना कळवतं. माझे राहण्याचे कागद अजून झालेले नाहीत, म्हणून मी तोंडाला कुलूप लावलंय. तू जिला बडबडी म्हणायचीस, तिला इथे मुकी म्हणतात. हस पोटभर.

चादरीचं दुसरं टोक धरणारी बाईसुद्धा मुकीच. वर्षभर आम्ही खुणांनीच घड्या घातल्या.

काल हाताला इस्त्री लागली आणि तोंडून निघून गेलं, "आई गं."

ती दचकून म्हणाली, "फार भाजलं का गं?"

मग दोघी चादरीआड तोंड लपवून हसलो, थोड्या रडलोही.

भाजलेलं किरकोळ आहे. बाबांचा गुडघा कसा आहे? तू दरवेळी विचारतेस, तिकडे बोलायला कुणी आहे का. आहे गं. एका चादरीच्या अंतरावर होती.

तुझी,
बडबडी