मध्यम प्रतीचा चारा

३ मार्च
सौ. वहिनीस,
स.न.वि.वि. तू पाठवलेल्या वाळलेल्या लसूणघासाचा नमुना मी इथल्या प्रयोगशाळेत तपासला. चारा मध्यम प्रतीचा आहे. बाबा दर पत्रात तुझ्या वाळवणाचे गोडवे गातात, म्हणून अपेक्षा जास्त होती. घास मीच पेरला होता, आठवतं ना? नोकरीवर निघताना तुझ्या हाती सोपवला, तर आता तो 'सूनबाईंचा घास' झाला! दादाचं वजन उतरलं का, की तोही गोठ्यातच जेवतो? लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझी नणंद

७ मार्च
प्रिय वन्सं,
नमस्कार. तुमचं पत्र बाबांनी दोनदा मोठ्यानं वाचलं. म्हणाले, पोरगी शिकलीय, तिनं मध्यम म्हटलं म्हणजे मध्यम. शनिवारी ट्रॅक्टर येतोय. घास मोडून मका करणार. हा चारा खाऊन तांबू गाय दोन लिटरनं वाढली, असं मी सांगून पाहिलं. हे ताटावरून उठून गोठ्यात गेले. वजन आहे तेवढंच आहे. जपून राहा.
तुमची वहिनी

९ मार्च
वहिनी,
हे पत्र दुधाच्या गाडीवाल्याच्या हाती देते आहे. बाबांना लगेच वाचून दाखव. मी खोटं लिहिलं. यंदा आमच्याकडे आलेल्या सगळ्या नमुन्यांत तुझा सरस निघाला. खरा अहवाल सोबत आहे. गेल्या सुट्टीत मी वाळत घातलेला घास भर दुपारी उलटला, पानं झडून नुसत्या काड्या उरल्या. तू अवाक्षर न काढता पानं सुपात गोळा केलीस. त्यापेक्षा ओरडली असतीस तर बरं झालं असतं. बाबांनी तुला शाबासकी दिली की माझ्या पोटात दुखतं. लोकांना खरं सांगायचं म्हणून मी ही नोकरी धरली आणि पहिलं खोटं घरीच धाडलं. माफ कर, असं तरी कुठल्या तोंडानं लिहू?

१४ मार्च
प्रिय वन्सं,
ट्रॅक्टर परत गेला. कोपऱ्यातला तुकडा मोडला, बाकी घास उभा आहे. बाबा तुमच्यावर चिडलेत, तरी अहवाल त्यांनी आरशाशेजारी चिकटवलाय.
आता माझं ऐका. पानं झडू नयेत म्हणून सहा महिने मी पहाटे, दव असतानाच घास उलटतेय. वाढलेलं दूध मापून दाखवलं. तुमच्या एका ओळीनं ट्रॅक्टर आला आणि दुसऱ्या ओळीनं परत गेला. पोटात दुखायचंच, तर माझ्या दुखायला हवं. दुखतंही.
पुढची कापणी वीस दिवसांनी आहे. रजा काढून या. तुमच्यासाठी घास उलटायचं दाताळं वेगळं ठेवलंय. या वेळी पानं झडली तर ओरडेन. लोभ आहे, रागासकट.
तुमची वहिनी