आवाज गेला त्या रविवारी

अक्का, धुळ्यात आमच्या कॉलेजच्या हॉलमध्ये तू पाहिलेल्या पहिल्या भुताच्या सिनेमाबद्दल तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली. आबा गेल्यावर तू पिंपळनेरजवळचं गाव सोडून लेकीच्या, माझ्या दोन खोल्यांत राहायला आलीस. मी कॉलेजात नवी नवी शिकवत होते. शेजारणी तुझ्या बोलीला हसल्या आणि तू बोलणंच सोडलंस. चार महिने स्वयंपाकघरात नुसता भाकरी थापल्याचा आवाज. मी काही विचारलं की मान हलवायचीस. मला त्याची सवय होत चालली होती, हे आठवून आजही कसंतरी होतं.

आमचं फिल्म मंडळ माझ्याच अंगावर होतं. चाळीसगावच्या गाडीने पत्र्याच्या डब्यांतून रिळं यायची. गाजलेले सिनेमे आमच्यापर्यंत पोचतच नसत. बोलपट नुकते सुरू झाले तेव्हाचे, कोणी नाव न ऐकलेले विलायती भुतांचे सिनेमे तेवढे मिळायचे. त्यातली माणसं एकेक शब्द तोलून बोलत, मागे संगीत नाही, नुसती खरखर. त्या रविवारी दुपारी तुला घरी एकटं ठेववेना म्हणून बरोबर आणलं. खिडक्यांना काळी कापडं लावली, प्रोजेक्टर मीच चालवत होते. नदीत बुडून मेलेला एक माणूस ओल्या कोटानं आपल्याच घरी परत येतो, अशी गोष्ट.

तो दारात उभा राहिला आणि आवाज गेला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी यंत्रात डोकं खुपसलेलं, आणि तेवढ्यात दारातल्या त्या माणसाबद्दल विचारणारा तुझा आवाज आला, "कोन शे हाऊ? घरनाच शे ना?"

"अक्का, गप्प बस ना!" मी सगळ्यांदेखत ओरडले. हॉल हसला. तू पदर तोंडाशी नेलास. तो पदर मला अजून दिसतो.

मागून साक्रीकडचा एक विद्यार्थी म्हणाला, "बाई, बोलू द्या आजीले. सांग वं माय, आगे काय?"

तू पदर खाली घेतलास आणि पडद्याकडे बघत सांगू लागलीस. "तो माराले नई उना. त्याले भूक लागेल शे. बठ्ठा पळी गयात, पन जेवना का म्हनीसन कोनी इचारं बी नई." तुझं भूत मारायला नाही, भुकेनं घरी आलेलं, आणि सगळे त्याला न विचारता पळून गेलेले. पोरं हसतायत, मग हसेनाशी होतायत. भूत जिन्याखाली बसलं तेव्हा पुढच्या रांगेतली एक मुलगी डोळे पुसत होती.

घरी येताना तू रस्ताभर बोलत होतीस. पुढे दर महिन्याला पोरं आधी विचारत, आजी येणार ना? बोलती झालीस ती शेवटपर्यंत. शेजारणींनाही तू तीच गोष्ट ऐकवलीस, आपल्याच बोलीत. खूप चांगली वर्षं होती ती आपली.

राहिलेली गोष्ट एवढीच. फिल्मवरचा आवाज ज्याच्या उजेडाने उमटतो, तो यंत्रातला जळालेला दिवा मी पाच मिनिटांतच बदलला होता. आवाजाची कळ अगदी थोडी फिरवली, तर पडद्यावरची बाई इंग्रजीत काहीतरी बोलली, ते यंत्राशी कान लावलेल्या मलाच फक्त ऐकू आलं. मी ती कळ पुन्हा शून्यावर नेली आणि रीळ संपेपर्यंत तिच्यावर हात ठेवून तुला ऐकत उभी राहिले. सगळ्यांना सांगितलं, दिवा मिळाला नाही. तुलाही तेच सांगितलं.