शेंड्यावरची रेघ

७ एप्रिल २००९
"माल्बुन, माल्जा, माल्सुक! 'आता मुली पुरे' हे स्वतःच्या नावात ऐकत म्हाताऱ्या झालेल्या बायांनो!" भाषणाची सुरुवात अशीच करायची. पंचवीस तारखेला देगू शहराच्या सभागृहात माझ्यासारख्या चाळीस जणी येणार. नाव बदलायच्या कोर्टाच्या अर्जावर तिथल्या तिथे सह्या. पहिली माझी!

९ एप्रिल
आमच्या नावांतलं अक्षर पुन्हा तपासलं. 末. माल्. मुळात झाडाचं चित्र. बुंध्याशी रेघ मारली की मूळ, वर लांब रेघ मारली की शेंडा. एवढंच! शेंडा म्हणजे झाड जिथे वाढतं ती जागा. त्याचा अर्थ 'शेवट' असा चीनमध्येच झाला, कबूल. पण तो मुलींच्या गळ्यात बांधला आमच्याच कोरियन लोकांनी.

१२ एप्रिल
अर्जाला जुनी कुटुंबनोंद लागते. ती धाकट्या भावाकडे, थेग्यूकडे. "ताई, या वयात नाव बदलून काय लग्न करायचंय?" हसला. मग हळूच, "आईला यातलं काही विचारू नकोस हं."
मी आईचं नावही काढलं नव्हतं!

१४ एप्रिल
आईकडे गेले. चुलीवर समुद्री शेवाळाचं सूप — वाढदिवसाचं!
"कुणाचा वाढदिवस?"
"कुणाचा नाही. चौकशा कसल्या करतेस? गिळ गरम आहे तोवर."
थोरली ओकबुनअक्का वाडग्यातून मान वर करेना.

१५ एप्रिल
जुन्या वह्या काढल्या. गेल्या वर्षी सूप — तिसऱ्या चांद्र महिन्याची एकोणीस. त्याच्या आदल्या वर्षीही. कालही तीच तिथी. या तिथीला आमच्यात कुणीच जन्मलेलं नाही.

१८ एप्रिल
नोंद मिळाली. थेग्यूने पाकीट चिकटवून पाठवलं. त्यात लपवण्यासारखं काय होतं? आम्ही चार बहिणी, मी चौथी, मग तो. त्याच्यात नि माझ्यात पाच वर्षं, मध्ये कुणी नाही. नातवासाठी आसुसलेली आमची आजी पाच वर्षं गप्प बसली? शक्यच नाही!

२१ एप्रिल
अक्काला गाठलं. "तू सभा गाजव, बाई. आईला सोड."
"मध्ये एक बाळ होतं ना?"
भाजी निवडणारे हात थांबले.

२३ एप्रिल
आईला विचारलंच. वाटलं, ओरडेल. ओरडली नाही.
"तुझ्यानंतर एक झाली. सतरा दिवसांची होती. मी झोपले होते, तुझ्या आजीने नेऊन दिली. कुठे, ते मरेपर्यंत सांगितलं नाही."
"नाव काय होतं?"
"ठेवलंच नाही. शेवटची म्हणून 'माल्' तुला देऊन बसलो होतो. तिला काय म्हणणार?"
मग म्हणाली, "तुला निदान नाव आहे, बये. तेही कोर्टात टाकून येतेस!"

२४ एप्रिल
भाषण फाडलं. उद्या अर्ज वाटायचे नाहीत. एकच सांगायचं — बायांनो, जिची आई जिवंत आहे तिने आजच्या आज घरी जाऊन विचारावं: माझ्यानंतर कोण झाली होती?