वेताचं कडं

हुफूफ, ६ जुलै २०१८

ती. शालूताईस सदानंदचा सा. न. वि. वि.

एप्रिलनंतर तुला पत्र नाही, याची आधी माफी मागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आपण रोज असतो, पण तिथे तू पाठवलेल्या फुलाला मी दुसरं फूल पाठवतो, त्याला काही लिहिणं म्हणता येत नाही. बाबांनी लावलेली पत्राची सवय आपण ई-मेलवर का होईना पाळत आलो, ती माझ्या हातून मोडली. रोजची डायरीही कोरीच आहे. लिहायला बसलं की खरं लिहावं लागतं, म्हणून टाळत होतो.

तर खरं असं आहे. खजुराच्या कारखान्यातली माझी जागा सौदी माणसाला द्यायची ठरली आहे. नियम सगळ्यांनाच लागू आहे, त्यात आमच्या मालकांचा वेगळा दोष नाही. माझं शीतगृहांचं काम शिकायला मरियम नावाची मुलगी आली आहे. इथलीच, हुफूफची. तिच्या आजोबांची खजुराची बाग होती, त्यामुळे खजूर तिला माझ्यापेक्षा कळतो. यंत्रं अजून कळत नाहीत. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नोव्हेंबरात संपतो. तोवर तिला शिकवायचं आणि निघायचं.

अडचण क्षितिजाची आहे. तिची बारावीची परीक्षा मार्चमध्ये. मध्येच शाळा सोडली तर वर्ष गेल्यात जमा. मी मार्चपर्यंतची मुदत मागितली. मॅनेजर म्हणाले, मरियमला काम जमलं नाही असं दिसलं तरच मुदत मागता येईल. म्हणजे मी नीट शिकवलं तर माझ्याच मुलीचं नुकसान. हे वाक्य मी मनात बऱ्याच दिवसांपासून वाचतो आहे, आज पहिल्यांदा लिहिलं.

आमच्या इमारतीत निम्मे फ्लॅट रिकामे झाले. जाणारा प्रत्येक जण आपल्या कुंड्या चित्राकडे ठेवून जातो. आता आमच्या बाल्कनीत उभं राहायला जागा नाही, आणि आम्ही गेल्यावर त्या कोणाकडे ठेवायच्या हे तिला विचारायचा मला धीर होत नाही.

आईला इतक्यात काही सांगू नकोस. रागावली असशील तरी उत्तर लिही.

तुझा,
सदानंद


टॅनर्स क्रीक, १५ जुलै २०१८

चि. सदानंदास शालूताईचे अ. उ. आ.

रागावले होते, पत्र वाचून राग गेला. आईला सांगितलेलं नाही, पण तिने मला परवा फोनवर विचारलं की सदू हल्ली इतका हसून का बोलतो. तेव्हा जरा जपून हसत जा.

क्षितिजाचं वर्ष जाता कामा नये, एवढं मला कळतं. त्या मुलीला शिकव, पण अर्धं शिकव. तू लहानपणापासून असाच. गृहपाठ कुणी मागितला तर वही देऊन वर समजावूनही सांगायचास, आणि मग परीक्षेत तो पहिला.

तुम्ही तिकडे उन्हात भाजत असाल, इथे दक्षिण गोलार्धात जुलै म्हणजे कडाक्याची थंडी. वृद्धाश्रमात माझी सकाळची पाळी असते, बोटं वाकत नाहीत. पण एक वेगळंच काम अंगावर आलं आहे. या गावाचं जुनं इंजिनशेड दुरुस्त करून तिथे गावाच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरणार आहे. हे गाव रेल्वेमुळे वसलं आणि रेल्वे गेल्यावर ओसरलं. आता धान्याची गाडी कधीतरी जाते, तीही न थांबता. समितीच्या लोकांना मी कुर्डूवाडीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले हे कळलं, आणि फोटोंखालच्या ओळी लिहायचं काम त्यांनी माझ्या गळ्यात घातलं. माझे वडील पॉइंट्समन होते, मी नव्हे, असं सांगून पाहिलं. ऐकलं नाही.

चार फोटो सोबत जोडते. पहिल्यात इंजिनाभोवती कामगार उभे आहेत, सगळ्यांचे हात पुढे बांधलेले, जणू शाळेचा फोटो. दुसऱ्यात उपाहारगृहातल्या बायका आहेत, कपांची एवढी उतरंड लावून की माझाच जीव वर-खाली होतो. तिसऱ्यात पूर आहे आणि रुळांवर होडी. चौथा तू नीट बघ. ड्रायव्हर केबिनमधून वाकलाय, खाली स्टेशनमास्तर, आणि दोघांच्या हातात ते वेताचं कडं, बाबांच्या हातात असायचं तसंच. मला ओळख पटली आणि डोळ्यांत पाणी आलं. पण ओळ काय लिहू ते सुचेना. तुझी नजर बारीक आहे, तू सांग.

चित्राला आणि क्षितिजाला आशीर्वाद. जेवत जा वेळेवर.

तुझी,
शालूताई


हुफूफ, २७ जुलै २०१८

ती. शालूताईस सा. न. वि. वि.

चौथा फोटो मोठा करून पाहिला आणि शुक्रवारची अख्खी सकाळ त्यातच गेली. चित्रा म्हणाली, इंजिनाकडे बघतोस तसं बिर्याणीच्या भातात मीठ पडलंय का तेही बघ.

ओळ सरळ आहे. आपण दोघांनी हे शाळेच्या वाटेवर रोज पाहिलं आहे. बार्शीकडे छोटी गाडी सुटायची, बाबा वेताचं कडं वर धरायचे, त्याला अडकवलेल्या चामडी पिशवीत टोकन. ड्रायव्हर ते हातात घेतल्याशिवाय गाडी हलवत नसे. एका वेळी एकाच गाडीने त्या रुळांवर जायचं म्हणून ही सोय. तेव्हा लिही: स्टेशनमास्तर ड्रायव्हरला निघायची परवानगी देताना. वर्ष ठाऊक नसेल तर नुसतं पूर्वीचं म्हण.

त्यावरून लोंढे ड्रायव्हर आठवले. ते पोहोचल्यावर टोकन परत द्यायला विसरले आणि कोटाच्या खिशात घालून घरी जाऊन झोपले. लाईन अडली. मागची गाडी तिकडे, पुढची इकडे. बाबा सायकल मारत त्यांच्या क्वार्टरवर गेले होते आणि पुढे महिनाभर घरी तीच गोष्ट चालली होती.

आता माझं. मरियमला मी सगळं शिकवलं, एक सोडून. तीन नंबरच्या खोलीचं तापमान पॅनेलवर दिसतं त्यापेक्षा आत दोन अंश जास्त असतं. दुरुस्तीच्या वेळी तिथला सेन्सर पंख्याच्या अगदी तोंडाशी बसवला गेला, तेव्हापासून. बदलायचं राहून गेलं आणि मी मनातल्या मनात हिशेब करून खोली जास्त थंड ठेवत आलो. हे कुठेही लिहिलेलं नाही. काढणी सुरू झाली की त्या खोलीचं दार सारखं उघडतं. माहीत नसलेल्या माणसाने पॅनेलवर विश्वास ठेवला तर वरच्या थरातला ताजा माल आंबणार. बोल मरियमला लागेल, आणि मला थांबवून घेतील.

गोदामातल्या मोहियुद्दीनला हे माहीत आहे. तो श्रीवर्धनचा, माझ्याइतकाच जुना. त्याने बजावलं की एक गोष्ट पोटात ठेवा, सगळं ओकून मोकळे होऊ नका, या देशात आपला तेवढाच इकामा. मी मान डोलावली. मरियम काल घरून खजूर घेऊन आली आणि चित्रासाठी वेगळा डबा दिला. त्यातला एकही मी खाल्ला नाही. मी वाईट माणूस आहे की फक्त बाप आहे, हे मला सांग. की हे विचारणंसुद्धा सबब आहे?

तुझाच,
सदानंद


टॅनर्स क्रीक, ७ ऑगस्ट २०१८

चि. सदानंदास अ. उ. आ.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू बाप आहेस. तीन नंबरचं अजिबात बोलायचं नाही, हे मोठी बहीण म्हणून सांगते आहे. ती मरियम तिच्या गावात आहे, तिच्या घरात आहे. एक थर आंबला तर तिला कोणी विमानात बसवणार नाही. क्षितिजाला बसवतील. परीक्षा झाली की सांग तिला, हवं तर पेढ्यांसोबत सांग. मोहियुद्दीनभाईंना माझा नमस्कार कळव, त्यांना व्यवहार कळतो.

आता फोटोचं ऐक. आपण दोघं तोंडावर आपटलो. तुझी ओळ मी इंग्रजीत छापून घेतली, पाटी लावली आणि आश्रमातल्या आजी-आजोबांना पाहायला नेलं. त्यात आयव्ही म्हणून आजी आहेत, नव्वदीच्या पुढच्या. त्या पाटीपुढे खूप वेळ खुर्चीत बसून राहिल्या. मग मला म्हणाल्या की हा ड्रायव्हर म्हणजे त्यांचे वडील, आणि ही निघणारी गाडी नाही. ही इथवर आलेली शेवटची गाडी. त्यांचे वडील कडं घेत नाहीयेत, परत देतायत.

मी फोटो पुन्हा पाहिला. काही कळत नाही, सदू. देतानाही हात तसाच आणि घेतानाही तसाच. आपण फक्त सकाळची सुटणारी गाडी पाहिलेली. परतीची यायची तेव्हा आपण झोपलेले असायचो. त्यामुळे कडं दिसलं की गाडी निघालीच, असं आपल्या डोक्यात बसलेलं.

आजींनी पुढे सांगितलं की त्या दिवशी सगळ्यांनी काही ना काही घरी नेलं, कोणी कंदील, कोणी घंटा, कोणी स्टेशनच्या नावाची पाटी. लोक त्यांच्या वडिलांना म्हणत होते की कडं तुम्हीच ठेवा, मागून आता गाडी यायची नाही, कुणाचं अडणार आहे? ते म्हणाले की ते दिल्याशिवाय माझी गाडी पोहोचली असं होत नाही. आणि देऊन घरी गेले. पुढे ते वर्षानुवर्षं बेकार होते, हेही आजींनी सांगितलं, फार कौतुक न करता.

रविवारी उद्घाटन आहे. नवी ओळ लगेच कळव. आणि मी वर लिहिलंय ते विसरू नकोस.

तुझी,
शालूताई


हुफूफ, १० ऑगस्ट २०१८

ती. शालूताईस सा. न. वि. वि.

पाटीवर लिही: शेवटची गाडी पोहोचल्यावर ड्रायव्हर टोकन परत करताना. ड्रायव्हरचं पूर्ण नाव आजींना विचारून घाल. आधीची चूक माझी होती असं समितीला सांग, तुझ्यावर येऊ देऊ नकोस.

तुझं म्हणणं दोनदा वाचलं. ते चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही. काल जेवताना क्षितिजाला सगळं सांगितलं, तीन नंबरचंही. ती इंग्रजीत म्हणाली की तुमचं ठरलेलं दिसतंय, मग मला कशाला विचारता. ताट अर्धं टाकून उठली. दार लावून घेतलं. सकाळी चित्राने कोल्हापूरच्या एका कॉलेजात फोन करून पाहिला. ते म्हणाले, नोव्हेंबरात प्रवेश कठीण आहे, बाहेरून परीक्षेला बसता येईल का ते बघू. कठीण म्हणजे नाहीच, असं चित्रा म्हणते. ती मला दोष देत नाही आणि कुंड्यांना पाणी घालत राहते.

मोहियुद्दीनला तुझा नमस्कार सांगितला. खूश झाला. उद्यानंतर तो माझ्याशी किती दिवस बोलणार नाही कोण जाणे.

खजूर पिकू लागला आहे. सोमवारपासून पहिला माल तीन नंबरमध्ये चढेल.

आईशी मीच बोलेन. रागावलीस तर राग, पण माया तोडू नकोस.

तुझा,
सदानंद

(डायरीत, १० ऑगस्ट) उद्या: माल यायच्या आधी मरियमला तीन नंबरच्या खोलीत थर्मामीटर घेऊन नेणे.